देवाचा शब्द, घरची भाषा : मराठी ख्रिस्ती भक्तिसाहित्यातील तीन निर्णय

प्रस्तावना

मी बंगळुरूत अभियांत्रिकी शिकवतो. वर्गातल्या मराठी मुलांना एखादी संकल्पना समजावताना 'व्होल्टेज' म्हणावे की 'विभवांतर', हा प्रश्न पडतोच. पहिला शब्द परका असला तरी ओळखीचा आहे. दुसरा आपला असला तरी अनोळखी. धर्मग्रंथ भाषांतरित करणाऱ्यांपुढेही हाच पेच असतो, फक्त तिथे चुकीच्या शब्दाची किंमत फार मोठी असते. बायबल मुळात हिब्रू, अरामी आणि ग्रीक भाषांतले. ते मराठी माणसाच्या रोजच्या प्रार्थनेत कोणत्या शब्दांनी यावे? या प्रश्नाला तीनशे वर्षांत मिळालेली तीन उत्तरे आपण पाहू.

१. स्टीफन्स : पुराणाचा साचा

थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट पाद्री १५७९ मध्ये गोव्यात आले. पोर्तुगीज सत्तेखाली तिथे १५६० पासून इन्क्विझिशन सुरू होते. साष्टीतील देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्या जप्त होत होत्या. धर्मांतर झालेल्या माणसाच्या हातून पुराण गेले, पण त्या जागी वाचायला काही आले नव्हते. ही पोकळी स्टीफन्स यांनी ओळखली. नव्या ख्रिस्ती लोकांना त्यांच्या भाषेत वाचता-ऐकता येईल असा ग्रंथ हवा, ही मागणी त्यांच्या काव्याच्या सुरुवातीलाच येते.

१६१६ मध्ये राचोल येथे 'ख्रिस्तपुराण' छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्या, दोन भाग : पहिल्यात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. छपाई रोमन लिपीत, भाषा मात्र मराठी, अधूनमधून कोकणी शब्द पेरलेली. स्वर्गासाठी स्टीफन्स 'वैकुंठ' हा शब्द बिनदिक्कत वापरतात. ज्या सत्तेने पुराणे हिरावून घेतली, तिच्याच आश्रयाने पुराणाचा साचा परत आला, हा विरोधाभास लक्षात ठेवा.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापरावर बंदीचा हुकूम काढला. तरीही ग्रंथ टिकला, कारण ख्रिस्ती कुटुंबांनी त्याची हस्तलिखिते जपली होती. आपल्या कर्नाटकातील मंगळूरला १९०७ मध्ये जे. एल. सालढाणा यांनी त्याची छापील आवृत्ती काढली.

२. टिळक दांपत्य : अभंग आणि स्वयंपाकघर

नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला. त्यांच्यापुढे कोणतीही सत्ता उभी नव्हती. उभे होते ते तुटलेले घर. पत्नी लक्ष्मीबाई त्यांच्यापासून काही वर्षे दूर राहिल्या. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक मानत. म्हणून त्यांनी परक्या चालींवरच्या गीतांऐवजी अभंग, भजन आणि कीर्तन ही आपली रूपे उपासनेत आणली. १९१७ मध्ये त्यांनी 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तांनाही जागा होती.

पण रोजची श्रद्धा कशी बदलते, हे अधिक नेमके लक्ष्मीबाईंकडून कळते. 'स्मृतिचित्रे' (१९३४ पासून भागांत प्रसिद्ध) मध्ये त्यांचा झगडा पंगतीचा आणि पाण्याचा आहे. कोणाच्या हातचे खावे, कोणाचे पाणी प्यावे? जात देवाने केली की माणसाने, असा विचार करत त्या सोवळे सोडायच्या निर्णयाला आल्या आणि १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. टिळकांचे अपुरे राहिलेले 'ख्रिस्तायन' हे काव्यही पुढे त्यांनीच पूर्ण केले.

३. पंडिता रमाबाई : सोप्याचा आग्रह

रमाबाईंचा जन्म १८५८ चा, आजच्या कर्नाटकातील गंगामूळचा. लहानपणी त्या संस्कृत शिकल्या; पुराणे सांगत फिरणे हेच त्यांच्या कुटुंबाचे उपजीविकेचे साधन होते. आईवडील दुष्काळात गेले. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे केडगावच्या मुक्ती सदनात त्यांनी विधवा, अनाथ आणि दुष्काळग्रस्त स्त्रियांना आसरा दिला.

नवा करार मराठीत १८११ मध्येच श्रीरामपूरला विल्यम केरी यांनी छापला होता, आणि नंतरही भाषांतरे झाली. तरी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक शिकून संपूर्ण बायबल नव्याने मराठीत आणायला घेतले. कारण सदनातल्या नुकत्याच अक्षरे शिकलेल्या बाईला संस्कृतप्रचुर मराठी समजत नव्हती. त्यांनी सोपे शब्द निवडले आणि जुन्या धर्मकल्पनांची छटा असलेले शब्द शक्य तिथे टाळले. म्हणजे स्टीफन्स यांच्या नेमका उलट मार्ग. १९२२ मध्ये रमाबाई वारल्या. १९२४ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध झाला, तोही तिथल्याच छापखान्यात, स्त्रियांनी छापलेला.

समारोप

तिघांच्या निर्णयांत बरोबर-चूक शोधू नका. त्यांचा वाचक कोण होता ते पाहा. स्टीफन्स यांच्यासमोर पुराण ऐकण्याची सवय असलेला श्रोता होता, टिळकांसमोर अभंगात रमणारे मन. रमाबाईंसमोर अशी बाई होती, जिला तोवर कोणताच ग्रंथ स्वतः वाचू दिलेला नव्हता. पुराणे मुखोद्गत असलेल्या विदुषीने तिच्यासाठी स्वतःची विद्वत्ता बाजूला ठेवली. संस्कृत येत नव्हते म्हणून त्यांची मराठी साधी झाली नाही. येत असूनही त्यांनी ती साधी ठेवली. या इतिहासात मला हा निर्णय सर्वांत मोठा वाटतो.

विचारासाठी प्रश्न

१. 'वैकुंठ' हा शब्द वापरल्याने श्रोत्याला काय सोपे झाले असेल, आणि कोणता गोंधळ उडाला असेल?
२. तुमच्या मातृभाषेतील एखादा धर्मग्रंथ घ्या. त्याची भाषा घरात कोणाला समजते आणि कोणाला नाही, हे विचारून टिपण लिहा.