पॅरिसाइट

'पॅरिसाइट' हे नाव वाचले की डोळ्यांपुढे पॅरिस शहर येते. त्या शहराशी या खनिजाचा काडीचाही संबंध नाही. ते मिळाले कोलंबियातल्या मुझोच्या पाचूच्या खाणीत, आणि ती खाण चालवणाऱ्या जे. जे. पॅरिस यांच्या आडनावावरून १८४५ मध्ये त्याचे बारसे झाले.

स्फटिक तपकिरी-पिवळा, टोकांकडे निमुळता, अंगभर बारीक आडव्या रेघा. आत सीरियमसारखी विरल मृत्तिका गटातली मूलद्रव्ये, कॅल्शियम, फ्लोरिन आणि कार्बोनेट यांचे थरावर थर. सगळी मेख कॅल्शियमच्या थरांत आहे. ते नसले तर बास्टनेसाइट, दोन सीरियममागे एक कॅल्शियम असले तर पॅरिसाइट, एकास एक असले तर सिंकिसाइट. पुष्कळदा ही मंडळी एकाच स्फटिकात गुंफलेली असतात. नुसत्या नजरेने निवाडा होत नाही; रासायनिक विश्लेषण आणि क्ष-किरण दोन्ही लागतात. सिंकिसाइटला तर आधी पॅरिसाइटच समजले गेले होते, म्हणून ग्रीकमधल्या 'गोंधळ' या अर्थाच्या शब्दावरून त्याला नाव मिळाले. इतके प्रांजळ नाव खनिजशास्त्रात विरळाच!

१९६६ मध्ये खनिजशास्त्रज्ञ लेव्हिन्सन यांनी अशा खनिजांच्या नावांसाठी नियम सुचवला : विरल मृत्तिका गटातले जे मूलद्रव्य सर्वाधिक, त्याची खूण नावापुढे कंसात लिहावी. मुझोच्या खनिजात सीरियम वरचढ. ब्राझीलच्या बाहिया राज्यातल्या नमुन्यात लँथनम वरचढ निघाले आणि २०१६ मध्ये ती स्वतंत्र जाती म्हणून मान्य झाली. तेव्हा संग्रहालयातल्या चिठ्ठीवर नुसते 'पॅरिसाइट' असेल, तर ते नाव अर्धेच आहे.