लघु वटवाघूळ : संध्याकाळचा चिमुकला शिकारी
सूर्यास्तानंतर अंधार पुरता दाटण्यापूर्वीच विरार पूर्वेतील मनवेलपाड्यासारख्या वस्तीत पथदिव्यांभोवती झपाट्याने वळणे घेत उडणारे लहान जीव दिसतात. ते पक्षी नव्हेत, कीटकभक्षी वटवाघळे होत. त्यांपैकी भारतात विस्तृत प्रदेशात आढळणारी सर्वांत चिमुकली जात म्हणजे लघु वटवाघूळ. तिचे शास्त्रीय नाव पिपिस्ट्रेलस टेन्युइस. अंगठ्याएवढे शरीर आणि अवघे दोन ते चार ग्रॅम वजन असलेला हा सस्तन प्राणी अफगाणिस्तानपासून आग्नेय आशियापर्यंत आढळतो.

वनाधिकारी आर. सी. रॉटन यांनी १८९९ साली डांगच्या जंगलातील नमुन्यावरून या वटवाघळाच्या भारतीय प्रकाराचे वर्णन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध केले. मूळचा रानातील हा जीव झाडांच्या ढोलीत राहतो, तसाच कौलांखाली आणि भिंतींच्या फटींतही विसावतो. माणसाला ऐकू न येणारे ध्वनी सोडून, त्यांच्या प्रतिध्वनीवरून तो अंधारात पतंग, लहान भुंगे, डास, उडती वाळवी टिपतो. मादीला एका वेळी बहुधा एक किंवा दोनच पिले होतात.

वटवाघळे रक्त पितात हा समज भारतापुरता निराधार आहे. रक्तपिपासू वटवाघळांच्या जगात तीनच जाती असून त्या अमेरिका खंडातील उष्ण प्रदेशांत राहतात. रोगाची भीती मात्र सर्वस्वी अनाठायी नाही. मार्च २०२० मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेला निपाह विषाणूचे अंश आढळले होते. फळखाऊ वटवाघळाबरोबरच पिपिस्ट्रेलस प्रजातीतील एका लहान वटवाघळाचाही त्यांत समावेश होता. म्हणून वटवाघळाला उघड्या हाताने स्पर्श करू नये, आणि चावल्यास जखम साबणाने धुऊन त्वरित डॉक्टरांकडे जावे. ते घरात शिरल्यास पंखा व दिवा बंद करून खिडकी उघडी ठेवावी. ते आपणहून बाहेर पडते.

वसई-विरार परिसरात तुंगारेश्वर अभयारण्याच्या रूपाने जंगल शिल्लक आहे. वस्तीत मात्र कौलारू घरे आणि जुनी झाडे गेली, की या जिवाचा आसरा जातो. आत पिले असताना फट बुजविल्यास ती तेथेच मरतात. त्याला हुसकावून लावणे सोपे आहे. पण दर रात्री कीटक टिपण्याचे त्याचे काम मग कोणी करायचे, हा प्रश्न उरतो.