क्रमांकाची किंमत : व्हिन्सेंट मोटारसायकल आणि अस्सलपणाचा बाजार

जानेवारी २०१८ मध्ये अमेरिकेत लास वेगासला बॉनहॅम्स या लिलाव संस्थेनं एक जुनी मोटारसायकल विकली. १९५१ सालची व्हिन्सेंट ब्लॅक लाइटनिंग. किंमत आली ९ लाख २९ हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दरानं जवळपास सहा कोटी रुपये. पाच वर्षांनी, जानेवारी २०२३ मध्ये, त्याच शहरात १९०८ सालच्या एका हार्ले-डेव्हिडसनला ९ लाख ३५ हजार डॉलर मिळाले. आकडे ऐकून आपण ‘बापरे’ म्हणतो आणि विसरतो. मला मात्र यातली एक गोष्ट विसरता येत नाही. जिनं ती व्हिन्सेंट बनवली त्या कंपनीला तिच्या हयातीत या गाड्यांवर धड नफाही मिळवता आला नव्हता. मग ही किंमत आली कुठून? लोखंड तेच, ॲल्युमिनियम तेच. मधल्या साठ-सत्तर वर्षांत वाढलं ते नेमकं काय?

इतिहास थोडक्यात सांगतो. फिलिप व्हिन्सेंट या तरुण इंग्रजानं १९२८ मध्ये एचआरडी या बंद पडलेल्या कंपनीचं नाव विकत घेतलं आणि लंडनच्या उत्तरेला स्टीव्हनेज इथं कारखाना काढला. त्याला फिल आयर्विंग हा ऑस्ट्रेलियन इंजिनिअर येऊन मिळाला. दोघांनी मिळून हजार सीसीचं, दोन सिलिंडरचं इंजिन बनवलं. युद्धानंतर, १९४८ मध्ये, त्यातून ब्लॅक शॅडो आली. ताशी सव्वाशे मैल, आणि स्पीडोमीटर एवढा मोठा की ताटलीच म्हणावी. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला अमेरिकेच्या बॉनव्हिलच्या मिठागरावर रोली फ्री नावाच्या स्वारानं व्हिन्सेंटवर ताशी १५० मैलांचा टप्पा ओलांडला. हवेचा अडथळा कमी व्हावा म्हणून गडी अंगावर फक्त पोहण्याची चड्डी घालून गाडीवर पालथा आडवा झाला होता! तो फोटो तुम्ही पाहिला नसेल तर जरूर पाहा. (जाता जाता : एचआरडी ही अक्षरं अमेरिकेत लोक हार्ले-डेव्हिडसनची समजत, म्हणून ती पुढे टाकीवरून काढून टाकावी लागली.)

गाडी उत्तम, पण महाग. बनवायलाही महाग. डिसेंबर १९५५ मध्ये उत्पादन थांबलं. ब्लॅक शॅडो बनल्या सतराशेच्या आसपास आणि शर्यतीसाठीच्या ब्लॅक लाइटनिंग तर तिसेकच.

आता इथून पुढचा काळ महत्त्वाचा आहे आणि लिलावाच्या गुळगुळीत कॅटलॉगांत त्याला सहसा दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही. १९५९ मध्ये मिनी ही छोटी मोटार आली. बायकोमुलांना साइडकारमध्ये बसवून पावसात भिजत जाणाऱ्या इंग्रज कामगाराला छपराखाली बसायची सोय झाली. मोठ्या मोटारसायकली कवडीमोल झाल्या. व्हिन्सेंटचं इंजिन मात्र नामी होतं, म्हणून हौशी पोरं काय करत? इंजिन उपसून काढायचे आणि नॉर्टनच्या सांगाड्यात बसवायचे. या संकराला ‘नॉर्व्हिन’ असं नावच पडलं. स्वित्झर्लंडच्या फ्रिट्झ एग्लीनं तर व्हिन्सेंटच्या इंजिनासाठी स्वतःचा वेगळा सांगाडा बनवला आणि त्यावर शर्यती जिंकल्या. इंजिन एकीकडे, सांगाडा दुसरीकडे, चाकं तिसरीकडे. तेव्हा यात कुणाला पाप वाटत नव्हतं. वस्तू वापरायची असते, हाच साधा हिशेब होता.

पुढे हीच पोरं पन्नाशीची झाली. हातात पैसा आला आणि तरुणपणी दुकानाच्या काचेतून पाहिलेली गाडी घ्यावीशी वाटू लागली. २००८ नंतर पाश्चात्त्य देशांत बँकेत पैसे ठेवून व्याज मिळेना, तेव्हा चित्रांसारख्या आणि जुन्या मोटारींसारख्या वस्तूंत पैसा शिरला, त्याचे शिंतोडे मोटारसायकलींवरही उडाले. ब्लॅक शॅडो लाख डॉलरच्या पलीकडे गेली. आणि मग प्रश्न आला की ही खरी कशावरून?

उत्तर क्रमांकात सापडलं. व्हिन्सेंटच्या इंजिनावर क्रमांक ठोकलेला असतो, वरच्या सांगाड्यावर असतो, मागच्या सांगाड्यावरही असतो. युद्धोत्तर जोड-सिलिंडर गाड्यांत सांगाड्याचा आकडा इंजिनाच्या आकड्यापेक्षा १९०० नं जास्त असतो. म्हणजे इंजिन ३१४३ तर सांगाडा ५०४३. वजाबाकी जमली तर गाडी कारखान्यातून निघाली तशीच जोडीनं आहे. रॅपिड ही धाकटी गाडी आणि शॅडो ही थोरली, यांच्या इंजिन क्रमांकांत फरक एका ‘बी’ अक्षराचा. त्या एका अक्षराला किती पैसे पडतात याचा अंदाज तुम्हीच करा. साठच्या दशकात ज्यांनी इंजिन उपसली त्यांनी नकळत ही जोडी फोडून ठेवली होती. आजची टंचाई सगळीच कारखान्यानं कमी बनवल्यामुळे आलेली नाही, वापरणाऱ्यांनी वापरल्यामुळेही आलेली आहे.

आपल्याकडे म्हण आहे, नाल सापडली म्हणून घोडा घ्यायचा. या बाजारात ती शब्दशः खरी झाली. क्रमांक ठोकलेला इंजिनाचा नुसता डबा सापडला की त्याच्याभोवती अख्खी गाडी उभी करायची. व्हिन्सेंटच्या मालकांचा क्लब १९४८ पासून आहे, त्याच्याशी जोडलेली सुट्या भागांची कंपनी आहे, आणि हे नवे भाग इतके पुरे आहेत की त्यांतून संपूर्ण नवी ब्लॅक शॅडो उभी करता येते. करून दाखवलीही आहे.

इथं मला माझ्या विषयाकडे वळल्याशिवाय राहवत नाही. मिलिंद राजा आणि नागसेन भिक्षू यांचा संवाद बहुतेकांना माहीत असेल. राजा रथातून आलेला. नागसेन विचारतो, रथ म्हणजे आस का? चाकं का? दांडी का? राजा प्रत्येक वेळी नाही म्हणतो. मग रथ आहे कुठे? शेवटी ठरतं ते असं की या सगळ्या भागांच्या जुळणीला व्यवहारापुरतं दिलेलं नाव म्हणजे रथ. मोटारसायकलच्या बाजारानं नागसेनाला उलटं उत्तर दिलेलं आहे. तो म्हणतो, भाग बदला, रंग बदला, पण रथ इथं आहे, या दोन इंचांच्या ठोकलेल्या आकड्यात! तत्त्वज्ञान म्हणून मला हे पटत नाही. पण व्यवहार चालायला कुठेतरी खुंटी ठोकावी लागते, हेही खरं.

आणि ती खुंटीही हलते. पूर्वी चकचकीत, नव्यासारखी केलेली गाडी महाग जाई. अलीकडे न छेडलेली, गंजकी गाडी भाव खाते. एप्रिल २०१६ मध्ये इंग्लंडात स्टॅफर्डला ब्रफ सुपीरियर गाड्या विकल्या गेल्या. कॉर्नवॉलच्या एका गोठ्यात त्या अर्धशतक धूळ खात पडल्या होत्या. त्यांतल्या १९३२ च्या एका गाडीला, मोडकळीला आलेल्या अवस्थेत, ३ लाख ३१ हजार ९०० पौंड मिळाले. गंज हा आता पुरावा झाला. ज्या मिस्त्रीनं आयुष्यभर सफाईनं गाड्या दुरुस्त केल्या, त्याचं कौशल्य अशा गाडीच्या बाबतीत किंमत घटवणारं ठरतं. मला वाटतं, या सगळ्या तेजीत खरा तोटा कुणाचा झाला असेल तर त्याचा.

आपल्याकडे हे उशिरा पोचलं, पण पोचलं. राजदूत ३५० आठवते? एस्कॉर्ट्सनं यामाहाच्या परवान्याखाली १९८३ पासून बनवलेली. पेट्रोल पिते, सुटे भाग महाग, म्हणून लोकांनी तिच्याकडे पाठ फिरवली. बऱ्याच गाड्या भंगारात गेल्या. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी-रविवारी जे लोखंड किलोवर जायचं, त्यात असे भागही असणारच. आज तीच गाडी शोधणारे लोक लाखांत बोलतात. म्हैसूरच्या जावा-येझदीचंही तसंच. बुलेट मात्र १९५५ पासून भारतात बनतेच आहे, म्हणून तिथं ओढ आहे ती फक्त अगदी सुरुवातीच्या गाड्यांची. व्हिन्सेंटची गोष्टच पुन्हा, वेगळ्या रंगात.

२०२१ मध्ये केंद्र सरकारनं नियम केला. पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, मूळ स्वरूपात राखलेली, मोठे फेरफार न केलेली असेल तर ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. शुल्क २० हजार रुपये, नंबरपाटीवर ‘व्हीए’ ही अक्षरं, आणि रोजच्या वापराला मनाई. रॅलीला न्या, प्रदर्शनाला न्या, पेट्रोल भरायला न्या, दूध आणायला नको. आता आपल्या देशात पन्नास वर्षं चाललेली गाडी म्हणजे काय हे तुम्ही जाणता. तिचं पिस्टन लेथवर कुणीतरी घासून बसवलेलं असतं, कार्ब्युरेटर दुसऱ्याच गाडीचा असतो, सीट रविवार पेठेत शिवलेलं असतं. त्या जुगाडामुळेच ती पन्नास वर्षं जगली. आरटीओच्या टेबलावर तिचं ‘मूळ स्वरूप’ कुणी आणि कसं ठरवायचं?