मोट, मोटर आणि नलिका-पंखा : शक्तिनिवडीचा एक इतिहास

वणी-दिंडोरी परिसरातील शेतकऱ्याच्या बोलीत 'मोटर' म्हटले की विहिरीचे पाणी उपसणारे यंत्र प्रथम अभिप्रेत असते. तिच्यापूर्वी त्याच विहिरीवर बैलांची मोट चालत असे. 'मोट' आणि 'मोटर' या शब्दांच्या उगमाचा परस्परांशी काहीही संबंध नाही. परंतु व्यवहारात दुसऱ्याने पहिल्याची जागा घेतली. मोटेच्या काळात विहिरीचे सामर्थ्य मोटांच्या संख्येने सांगण्याचा प्रघात होता. सातारा जिल्ह्यातील लिंब येथील अठराव्या शतकातील विहीर 'बारामोटेची विहीर' म्हणूनच ख्यात आहे. या मोजणीत एक विचारक्रम दडलेला आहे. आधी विहीर, मग मोट. पाणी किती व किती खोल, हे ठरल्यावाचून उपशाचे साधन ठरत नसे. विजेवर उडणाऱ्या लहान जेट-प्रतिकृतींचा इतिहास पाहू गेल्यास हाच क्रम वेगळ्या क्षेत्रात पुन्हा सिद्ध झालेला दिसतो.

या प्रतिकृतींना 'जेट' म्हणतात ते केवळ रूपसादृश्याने. त्यांत इंधन जळत नाही. विमानाच्या पोटातील नळीत अनेक पात्यांचा लहान पंखा बसविलेला असतो. विजेची मोटर तो फिरविते आणि मागील तोंडातून वेगाने बाहेर पडणारी हवा विमानाला पुढे रेटा देते. यास नलिका-पंखा म्हणता येईल. तत्त्वतः तो आणि विहिरीवरील पंप एकाच कुळातील होत. दोहोंतही फिरत्या पात्यांनी प्रवाही पदार्थाला वेग व दाब द्यावयाचा असतो.

विजेच्या साह्याने उड्डाण करण्याची कल्पना जुनी आहे. ८ ऑक्टोबर १८८३ रोजी पॅरिसजवळ तिसांदिए बंधूंनी दीड अश्वशक्तीच्या सीमेन्स मोटरीवर आपले वायुजहाज चालविले. पुढील वर्षी, ९ ऑगस्ट १८८४ रोजी, रनार व क्रेब्स यांचे 'ला फ्रान्स' हे वायुजहाज सुमारे आठ किलोमीटरांचा फेरा तेवीस मिनिटांत पुरा करून निघाल्या ठिकाणी परतले. त्याच्या बॅटरीचे वजन मात्र ४३५ किलो होते. मोटर तयार होती; तिला पोसणारे साधन जड होते. हेच वैगुण्य पुढे सुमारे शंभर वर्षे विद्युत्-उड्डाणाच्या वाटेत उभे राहिले.

३० जून १९५७ रोजी इंग्लंडमध्ये कर्नल टॅपलिन यांनी 'रेडिओ क्वीन' ही प्रतिकृती विजेच्या मोटरीवर रेडिओ-नियंत्रणाने उडविली. तिच्यात चांदी-जस्ताच्या घटांची बॅटरी होती. जर्मनीत फ्रेड मिलिट्की याच सुमारास अशा प्रयोगांत गुंतले होते. त्यांच्याच प्रयत्नांतून २१ ऑक्टोबर १९७३ रोजी ऑस्ट्रियात 'एमबी-ई१' हे मनुष्यवाहू विद्युत्-विमान उडाले. ही सर्व विमाने उघड्या पंख्याची होती, हे येथे ध्यानात घेतले पाहिजे. नलिका-पंख्याला विजेची जोड यशस्वीपणे मिळण्यास आणखी काळ जावा लागला. त्याचे कारण आकड्यांतच आहे.

नव्वद मिलिमीटर व्यासाच्या नलिका-पंख्यापासून तीन किलोग्रॅम-भाराइतका रेटा हवा असल्यास हवा सेकंदाला सुमारे ७० मीटर वेगाने बाहेर फेकावी लागते. त्यासाठी हवेलाच सुमारे १,०५० वॅट शक्ती पोचली पाहिजे. मोटर, वेगनियंत्रक, पाती आणि नळी यांतील व्यय धरता बॅटरीकडून सुमारे २,००० वॅट घ्यावे लागतात. तेवढाच स्थिर रेटा चाळीस सेंटिमीटरांच्या उघड्या पंख्याने द्यावयाचा तर हवेला केवळ सुमारे ३०० वॅट पुरतात. थोडी हवा फार वेगाने फेकण्यापेक्षा पुष्कळ हवा सावकाश फेकणे स्वस्त पडते, हा निसर्गाचा नियम होय. जेटचे रूप आणि वेग यांचे मोल असे शक्तीच्या रूपाने मोजावे लागते.

दोन हजार वॅट म्हणजे २.७ अश्वशक्ती, विहिरीवरील तीन अश्वशक्तीच्या मोटरीच्या जवळपास. एवढी शक्ती २२ व्होल्ट दाबाने घेतल्यास प्रवाह ९० अँपिअर होतो आणि ५ अँपिअर-तासांची बॅटरी पूर्ण जोरावर सव्वातीन मिनिटांच्या आसपास संपते. निकेल-कॅडमियम घटांत तेवढीच ऊर्जा साठविण्यास सुमारे अडीच किलो वजन लागले असते. म्हणजे विमानाच्या वजनाचा मोठा भाग बॅटरीचाच झाला असता. १९८०च्या दशकातील निओडिमियम चुंबके, १९९१ पासून बाजारात आलेले लिथियम-आयन घट व त्यांमागून आलेले लिथियम-पॉलिमर घट आणि ब्रशविरहित मोटरी यांचा संयोग झाल्यावरच नलिका-पंखा खऱ्या अर्थाने व्यवहार्य ठरला.

या इतिहासातून निवडीचा क्रम ओघानेच निघतो. प्रथम विमानाचे वजन व अपेक्षित वेग, त्यावरून रेटा व नळीचा व्यास, त्यावरून शक्ती, नंतर बॅटरीचा दाब, आणि सर्वांत शेवटी मोटर. मोटरीचा दर-व्होल्ट फेऱ्यांचा अंक मोठा असला की ती अधिक चांगली, हा समज घातक आहे. पंख्याचे फेरे दहा टक्क्यांनी वाढविल्यास रेटा एकवीस टक्के वाढतो, पण शक्तीची मागणी तेहेतीस टक्के वाढते आणि मोटर जळण्याचा प्रसंग येतो. उलट दाब दुप्पट करून त्याच प्रमाणात मंद अंकाची मोटर घेतल्यास प्रवाह निम्मा होतो आणि त्याच तारांतील उष्णता चतुर्थांशावर येते. स्थळाचाही विचार हवा. नाशिकचे पठार सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. तेथे ३८ अंश तापमानाच्या दुपारी हवेची घनता समुद्रसपाटीवरील प्रमाण हवेपेक्षा सुमारे चौदा टक्के कमी असते आणि फेरे तेच राहिल्यास रेटाही तेवढाच घटतो.

हा क्रम चुकल्यास काय होते याचे मोठे उदाहरण प्रतिकृतींच्या नव्हे, तर पूर्णाकृती विमानांच्या इतिहासात आहे. कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरात घडलेले 'एचएफ-२४ मरुत' १७ जून १९६१ रोजी प्रथम उडाले. ज्या सामर्थ्यवान ऑर्फियस इंजिनावर त्याची मदार होती, त्याचा विकास पूर्णत्वास गेला नाही. अखेर त्याच कुळातील कमी रेट्याची इंजिने बसवावी लागली. विमानाची घडण उत्तम असूनही अपेक्षित वेग त्याला गाठता आला नाही. १९७१च्या युद्धात त्याने कामगिरी बजावली. तथापि त्याची उणीव अखेरपर्यंत राहिली.

वणीच्या दक्षिणेस असलेल्या ओझर येथे १९६४ मध्ये मिग-२१ विमानांसाठी कारखान्याची स्थापना झाली, तेव्हा रचना वेगळी होती. विमानाचा सांगाडा ओझरला, इंजिन ओडिशातील कोरापुटला, विद्युत्-उपकरणे हैदराबादला. तीन ठिकाणी काम विभागणे शक्य झाले, कारण सांगाडा आणि इंजिन यांचा मेळ मूळ आराखड्यातच बसलेला होता. ही विमाने २६ सप्टेंबर २०२५ रोजी भारतीय वायुसेनेतून निवृत्त झाली.

मरुताच्या शिल्पकारांपुढील अडचण त्यांच्या अज्ञानातून आली नव्हती. हवे ते इंजिन मिळणे त्यांच्या हाती नव्हते. प्रतिकृती घडविणाऱ्या आजच्या विद्यार्थ्यापुढे मात्र मोटरी व बॅटऱ्या विपुल आहेत. त्याची अडचण विपुलतेची आहे आणि म्हणूनच क्रमाचे भान त्याला अधिक आवश्यक आहे. विहीर पाहिल्यावाचून मोटांची संख्या ठरवू नये, हे जुन्या शेतकऱ्यास कोणी शिकवावे लागले नव्हते. नळी मोजल्यावाचून मोटर घेऊ नये, हे त्याच शहाणपणाचे नवे रूप होय.