रिस्ले यांचा कॅलिपर, घुर्ये यांचे आकडे आणि बाबासाहेबांचे ‘जर’

नाकाच्या रुंदीला उंचीने भागायचे आणि १०० ने गुणायचे. येणाऱ्या अंकाला ‘नासिका निर्देशांक’ म्हणत. अंक ७० च्या खाली असला तर नाक अरुंद, ८५ च्या वर गेला तर रुंद. फ्रेंच मानववंशशास्त्रज्ञ पॉल तोपिनार यांची ही पद्धत हर्बर्ट रिस्ले या ब्रिटिश सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात हिंदुस्थानात वापरली आणि तिच्यावर जातिव्यवस्थेच्या उगमाचा एक अख्खा सिद्धान्त उभा केला.

उत्तर हिंदुस्थानातील ८९ जाती-जमातींच्या सुमारे ६,००० माणसांची मापे कॅलिपर लावून घेण्यात आली. रिस्ले यांचा निष्कर्ष असा : जातीचे सामाजिक स्थान जितके वरचे, तितके तिचे नाक अरुंद. वर आर्य, खाली द्रविड आणि जात म्हणजे दोन वंशांमधील भिंत. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त झाल्यावर त्यांनी जातींची सामाजिक श्रेणीही नोंदवून घेतली. त्याबरोबर वरच्या पायरीवर हक्क सांगणाऱ्या अर्जांचा सरकारदरबारी पाऊस पडला.

महाराष्ट्रातील ब्राह्मण आणि कुणबी या दोघांनाही रिस्ले यांनी एकाच ‘शक-द्रविड’ गटात बसवले. जात वंशातून आली असे सांगणाऱ्या मोजपट्टीनेच हे दोघे एकत्र पडावेत, ही त्यातली गंमत.

खरी अडचण अधिक खोल होती. रिस्ले यांची क्रमवारी सरासरीवर उभी होती आणि सरासरीत माणसे दिसत नाहीत. एकाच जातीत अरुंद आणि रुंद, दोन्ही प्रकारची नाके असतात. शिवाय नाकाच्या रुंदीचा हवामानाशी संबंध असतो, हे १९२३ मध्ये थॉमसन आणि बक्स्टन यांनी दाखवले. थंड, कोरड्या प्रदेशांत नाके सरासरीने अरुंद, तर उष्ण आणि दमट प्रदेशांत रुंद आढळतात.

मूळचे मालवणचे, केंब्रिजमध्ये शिकलेले आणि मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकवणारे गो. स. घुर्ये यांनी जुन्या मोजमापांची नव्याने छाननी केली. त्यांचा ‘कास्ट अँड रेस इन इंडिया’ हा ग्रंथ १९३२ मध्ये प्रसिद्ध झाला. रिस्ले यांचा नियम संयुक्त प्रांतात बऱ्याच अंशी लागू पडत होता. त्या पट्ट्याबाहेर मात्र जातीची पायरी आणि शरीराचे माप यांचा मेळ बसत नव्हता. संयुक्त प्रांतातील ब्राह्मण तर शरीरमापांच्या दृष्टीने क्षत्रिय वगळता आपल्या प्रांतातील कोणत्याही जातीपेक्षा पंजाबातील खत्री आणि चुहडा यांना अधिक जवळचा निघाला. चुहडा ही पंजाबातील अस्पृश्य मानली गेलेली जात. वंश ही कल्पना घुर्ये यांनी मुळातून टाकून दिली नव्हती, हेही नमूद केले पाहिजे. आकड्यांनी त्यांना जेथवर नेले, तेथवर ते गेले.

पुढचे पाऊल बाबासाहेब आंबेडकरांनी टाकले. रिस्ले त्यांना नवे नव्हते. १९१६ मध्ये कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातिविषयक निबंधातच त्यांनी रिस्ले यांची व्याख्या तपासली होती आणि युरोपीय अभ्यासक जातीच्या चर्चेत वर्णाला अवास्तव महत्त्व देतात, असेही म्हटले होते. १९४८ च्या ‘द अनटचेबल्स’ या ग्रंथात त्यांनी घुर्ये यांनी मांडलेली मापे घेतली आणि निकाल दिला : ब्राह्मण आणि अस्पृश्य एकाच वंशाचे आहेत. ब्राह्मण आर्य असतील तर अस्पृश्यही आर्य, ब्राह्मण द्रविड असतील तर अस्पृश्यही द्रविड. अस्पृश्यतेचे मूळ रक्तात नसेल, तर ते इतिहासात शोधावे लागते. त्या ग्रंथाचा उरलेला खटाटोप तोच आहे.

आजची आनुवंशिकी कॅलिपर वापरत नाही. जातीजातींत जनुकीय फरक मुळीच नाहीत, असेही ती म्हणत नाही. शतकानुशतकांच्या जातिअंतर्गत विवाहांच्या खुणा डीएनएमध्ये दिसतातच. मात्र रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७२ मध्ये जगभरच्या समूहांची तुलना केली, तेव्हा मानवी जनुकीय विविधतेचा सुमारे ८५ टक्के भाग प्रत्येक समूहाच्या आतच सापडला.

बाबासाहेबांच्या त्या निकालाआधी एक अट होती, ती सहसा उद्धृत होत नाही. शरीरमापन हे वंश ठरवण्याचे भरवशाचे शास्त्र असेल ‘जर’, तर त्याचा कौल हा असा. रिस्ले यांचे हत्यार त्यांनी हाती घेतले, पण त्याच्या धारेची हमी दिली नाही.