पुढे जुंपलेला, आत बसलेला

आमच्या मोत्याला गेल्या महिन्यात तेरावं लागलं. मागचे पाय आता साथ देत नाहीत. पायरी आली की थांबतो आणि माझ्याकडे बघतो. डॉक्टर म्हणाले, थोडंच चालवा, पण बाहेरची हवा मिळू द्या. म्हणजे बावीस किलोचा ऐवज उचलून न्या! बायकोने कुत्र्यांची बाबागाडी सुचवली. "लोक हसतील" असं म्हणालो खरा, पण शनिवारी सकाळी शोधायला बसलो. मग नेहमीप्रमाणे खरेदी राहिली बाजूला आणि इतिहासातच शिरलो.

गंमत अशी, की बाबागाडीच्या जन्मकथेत जनावर आत नाही, पुढे आहे. १७३३ साली विल्यम केंटने डेव्हनशायरच्या ड्यूकच्या मुलांसाठी शिंपल्याच्या घाटाची गाडी बनवली. ती ओढायला बकरं नाहीतर छोटं तट्टू. कुत्र्यांचं तर विचारूच नका. इंग्लंडात फेरीवाले, पाववाले सर्रास कुत्रे जुंपायचे. १८३९ च्या कायद्याने लंडन पोलिसांच्या हद्दीत ते बंद झालं, सगळ्या इंग्लंडात व्हायला १८५५ उजाडलं. बेल्जियममध्ये मात्र कुत्री दुधाच्या गाड्या ओढतच राहिली, १९१४ च्या युद्धात तर मशीनगनसुद्धा. 'अ डॉग ऑफ फ्लँडर्स' (१८७२) या कादंबरीतला कुत्रा असलीच दुधाची गाडी ओढतो. जपानमध्ये १९७५ साली त्यावर कार्टून मालिका निघाली आणि घरोघरी लोक रडले. आज त्याच जपानात कुत्री गाडीत बसून फिरायला निघतात!

आजची घडी होणारी गाडी आली ती विमानांच्या धंद्यातून. ओवेन मॅक्लारेन हा निवृत्त इंजिनियर, स्पिटफायर विमानाच्या चाकांच्या सांगाड्यावर काम केलेला. मुलगी अमेरिकेहून नातीला घेऊन आली, सोबत अवजड ढकलगाडी. विमानाची चाकं पोटात मिटतात तर ही का नाही? १९६५ साली त्याने ॲल्युमिनियमची, छत्रीसारखी मिटणारी, तीन किलोच्या आतली गाडी केली. (आम्ही निवृत्त झाल्यावर काय करणार, देव जाणे.)

दक्षिण कोरियात तर २०२३ मध्ये जीमार्केट या साइटवर बाळांच्या गाड्यांपेक्षा कुत्र्यांच्या जास्त खपल्या. त्याच वर्षी तिथला जननदर ०.७२ होता. हसावं की काय करावं कळेना.

असो. मुद्दा मोत्याचा. मॅक्लारेनच्या वळणाची हलकी गाडी स्वस्त होती, पण चाकं चिमुकली. चाकाच्या त्रिज्येपेक्षा उंच अडथळा सरळ ढकलून चढता येत नाही, आणि आमच्या गल्लीतले खड्डे नि फरशा तुम्ही बघितलेल्या नाहीत. शिवाय वजनाची मर्यादा पंधरा किलो. म्हणून हवा भरायची तीन मोठी चाकं, तीस किलोची मर्यादा, मागून उघडणारं बुटकं दार. मोत्याला उडी मारता येत नाही ना. आत पट्टा अडकवायला कडी आहे का तेही बघितलं. किंमत सांगत नाही, आई वाचते हा ब्लॉग.

गुरुवारी गाडी आली. दोन दिवस साहेब ढुंकून बघेनात. काल त्याची जुनी गोधडी आत अंथरली, तर अर्ध्या तासाने स्वतःच चढून बसला. आज संध्याकाळी पहिली फेरी. वॉचमनकाका काय म्हणतात बघू.