लीलावतीतील खड्डा

भास्कराचार्यांची ‘लीलावती’ म्हटली की आपल्याला वाऱ्याने मोडलेला वेळू, मोर आणि साप, तळ्यातले कमळ ही उदाहरणे आठवतात. याच ग्रंथात पुढे ‘खातव्यवहार’ नावाचे प्रकरण आहे. खात म्हणजे खणलेला खड्डा. विषय रुक्ष, त्यामुळे तिकडे फारसे कोणी वळत नाही. पण सरासरी आणि घनफळ या ज्या दोन गोष्टी आपण वर्गात वेगवेगळ्या धड्यांत शिकवतो, त्या येथे एकाच गणितात भेटतात. म्हणून आज आपण हा खड्डा मोजून पाहू.

‘लीलावती’ इ. स. ११५० मधली. भास्कराचार्य तेव्हा ३६ वर्षांचे होते. खड्डा प्रत्यक्षात कधीच वहीतल्या आकृतीसारखा नसतो, हे त्यांना चांगले ठाऊक होते. त्यांचे पहिले उदाहरण असे: एका वेड्यावाकड्या खड्ड्याची लांबी तीन ठिकाणी मोजली, ती १०, ११ आणि १२ हात भरली. रुंदी ६, ५ आणि ७ हात. खोली २, ४ आणि ३ हात. तर खड्ड्याचे घनफळ किती?

रीत सोपी आहे. मापांची बेरीज करायची आणि जितक्या ठिकाणी मोजले तितक्या संख्येने भागायचे. येणाऱ्या मापाला भास्कराचार्य ‘सममिती’ म्हणतात. आपली सरासरी ती हीच.

लांबी: १० + ११ + १२ = ३३; ३३ ÷ ३ = ११ हात.
रुंदी: ६ + ५ + ७ = १८; १८ ÷ ३ = ६ हात.
खोली: २ + ४ + ३ = ९; ९ ÷ ३ = ३ हात.
घनफळ: ११ × ६ × ३ = १९८ घनहात.

खड्डा तिरकस होता, पण त्याच्या जागी आपण तेवढ्याच मातीचा एक सरळ, चौकोनी खड्डा कल्पिला. सरासरीचा अर्थ मुलांना सांगण्यासाठी याहून चांगले चित्र सापडणे कठीण.

पण तीनच ठिकाणी का मोजायचे? कोकणातील नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ मध्ये ‘लीलावती’वर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तीत ते सांगतात की मोजण्याची ठिकाणे जितकी जास्त, तितकी सममिती खऱ्या मापाच्या अधिक जवळ आणि गणितही तितके अचूक. आज संख्याशास्त्राच्या पहिल्या पाठात आपण हेच शिकवतो.

आता दुसरे उदाहरण घेऊ. येथे खरी गंमत आहे. खड्डा वर रुंद आणि खाली निमुळता. तोंडाशी लांबी १२ हात, रुंदी १० हात. तळाशी दोन्ही मापे निम्मी, म्हणजे ६ आणि ५. खोली ७ हात. विद्यार्थी लगेच सरासरी काढतील: लांबी ९, रुंदी साडेसात, म्हणून घनफळ ९ × ७.५ × ७ = ४७२.५ घनहात. एखादी चुणचुणीत मुलगी म्हणेल, “मी क्षेत्रफळांची सरासरी घेतली.” तोंडाचे क्षेत्रफळ १२०, तळाचे ३०, सरासरी ७५; म्हणून ७५ × ७ = ५२५ घनहात. खड्डा एकच, सरासरी दोघांनीही बरोबर काढली, आणि उत्तरांत फरक ५२.५ घनहातांचा! मग खरे कोणाचे?

भास्कराचार्य येथे साधी सममिती वापरत नाहीत. त्यांची रीत अशी: तोंडाचे क्षेत्रफळ १२०. तळाचे ३०. वरच्या-खालच्या बाजूंची बेरीज करून येणाऱ्या आयताचे क्षेत्रफळ (१२ + ६) × (१० + ५) = १८ × १५ = २७०. तिन्हींची बेरीज ४२०. तिला ६ ने भागून ७०. त्याला खोलीने गुणून ७० × ७ = ४९० घनहात. हे उत्तर बिनचूक आहे.

असे का? बरोबर मध्यावर खड्ड्याचा छेद ९ × ७.५ म्हणजे ६७.५ आहे आणि २७० ही त्याची चौपट. म्हणजे या रीतीत तोंड एकदा, तळ एकदा आणि मधला छेद चार वेळा धरला जातो. सरासरीच ती, पण प्रत्येक मापाला योग्य तेवढे वजन देऊन काढलेली.

याच प्रश्नाची उकल ब्रह्मगुप्तांनी त्याआधी पाचशे वर्षे, इ. स. ६२८ मध्ये, वेगळ्या वाटेने केली होती. बाजूंच्या सरासरीवरून येणारे उत्तर ते ‘व्यावहारिक’ मानतात. क्षेत्रफळांच्या सरासरीवरून येणारे दुसरे स्थूल उत्तर. दोहोंतील फरकाचा तिसरा हिस्सा व्यावहारिक उत्तरात मिळवला की सूक्ष्म उत्तर मिळते. करून पाहू: ५२.५ ÷ ३ = १७.५, ४७२.५ + १७.५ = ४९०. दोन चुकीच्या उत्तरांतून बरोबर उत्तर!

हे १७.५ घनहात क्षुल्लक नाहीत. महाराष्ट्रात १९७२ च्या दुष्काळानंतर रोजगार हमीच्या कामांवर खोदाईची मजुरी मातीच्या घनमापावर ठरत असे. अशा ठिकाणी निमुळत्या खड्ड्याचे माप बाजूंच्या साध्या सरासरीने घेतले, तर उपसलेली काही माती हिशेबात येतच नाही. ती उपसणाऱ्याचे घामाचे पैसे गणितात बुडतात.

वर्गात हे पडताळायला खड्डा खणण्याचीही गरज नाही. वर रुंद, खाली निमुळता असा एखादा चौकोनी डबा घ्यावा. आतून मोजून तिन्ही रीतींनी घनफळ काढावे, मग मापाने पाणी ओतून पाहावे. कोणते उत्तर खरे, हे मुलांना पाणीच सांगेल. सूत्र पाठ करून घेण्याचे काम त्यानंतर करावे.